घाई मोगऱ्याची, पुस्तकाची नव्हे

अगं, तुझी वही वाचून झाली. रहाटाच्या विहिरीवरचं प्रकरण तर मागे जाऊन पुन्हा वाचलं. त्यातली आजी केळीला पाणी देताना पायानेच पाटाचा बांध फोडते आणि टाचेनेच बुजवते. वाडीत वाढल्याशिवाय हे कुणाला लिहिता यायचं नाही. तेव्हा लिखाण बरं जमलंय का, हे मला परत विचारू नकोस. जमलंय. आज बोलायचंय ते पैशाबद्दल आणि तुझ्या घाईबद्दल.

ही घाई तुझ्या अंगात कुठून आली ते मला ठाऊक आहे. अंधारात कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, पहाटेच्या विरार लोकलच्या मालडब्यात टोपली चढवायची आणि दादरच्या फुलबाजारात निघेल तो भाव पदरात पाडून घ्यायचा. ऊन चढलं की त्याच मोगऱ्याला कुणी विचारत नाही. सोनचाफ्याचंही तेच. तिथे पडेल भावाला माल देऊन मोकळं होणं हेच शहाणपण. पण पुस्तक दुपारपर्यंत कोमेजत नाही गं! यंदा नाही गेलं तर पुढच्या वर्षी जाईल. मग तू आठ दिवसांत सही करायला का निघालीस?

तो कराराचा कागद मी नीट पाहिला. कुणाचा ते इथे बोलत नाही, असे कागद पुष्कळ फिरतात. प्रती पाचशे, खर्च सगळा तुझा, त्यातल्या शंभर तुझ्या हातात आणि बाकीच्या 'वितरणासाठी' त्यांच्याकडे. आता मला सांग, बियाणं तुझं, खत तुझं, मजुरी तुझी आणि माल दुसऱ्याच्या गोदामात, असं तू वाडीत कधी चालू दिलंस का? अस्सल प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो आणि विकलेल्या प्रतींवर तुला मानधन देतो. पैसा त्याचा अडकलेला असतो, म्हणून तो विकायची धडपडही करतो. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. पण मग सगळ्या प्रती तुझ्या, आणि छापखान्याला द्यायचे ते छपाईचे पैसे. 'प्रकाशना'चे वेगळे कशाला? आयएसबीएन क्रमांकाचे म्हणून त्यांनी रक्कम लावलीय, ती तर खोडूनच टाक. तो क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, लेखकाला स्वतःलाही देते, आणि फुकट देते.

दादरहून येणारी पट्टी तू कशी वाचतेस? आधी आडत किती कापली, मग हमाली, मग खालचा आकडा. तशीच पुस्तकाची पट्टी वाच. समज, एकशेसाठ पानांचं, म्हणजे दहा फॉर्मचं पुस्तक आहे. किंमत दोनशे. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, बांधणी धरून प्रत नव्वदला पडली. दुकानदाराने चाळीस टक्के घेतले तर ऐंशी तिथेच गेले, तुला उरले तीस. मध्ये वितरक आला आणि दोघांत मिळून निम्मे गेले, की तुझ्या हातात दहा. तेही विक्री झाल्यावर, आणि तोवर किती महिने जातील याला धरबंध नाही. न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात, त्या वेगळ्याच. तीच प्रत तू स्वतः कुणाच्या हातात दिलीस तर एकशेदहा रुपये तुझे. दुकानदाराला मी नावं ठेवत नाही हं, त्यालाही गाळ्याचं भाडं आहे. पण पहिल्या दोनशे प्रती तरी त्याच्याकडे कशाला न्यायच्या?

करारातल्या त्या ओळीबद्दल विचारलंस, 'सर्व हक्क कायमस्वरूपी'. ती काढायला सांग, नाही काढली तर कागद परत कर. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ती माणसं 'कायमस्वरूपी' असं मुद्दाम लिहून घेतात. आणि हक्काची नोंदणी केली नाही म्हणून कुणी तुझं लिखाण पळवू शकत नाही. लिहिलंस तेव्हाच ते तुझं झालं.

आता घाईचं खरं नुकसान ऐक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती नवलेखकाच्या पहिल्याच पुस्तकासाठी. मंडळ हस्तलिखितं मागवतं, जाणकारांकडून वाचून घेतं आणि पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान देतं. तुझी वही ललितगद्यात सहज बसेल. पण आज घाईने पाचशे प्रती काढल्यास तर पहिलं पुस्तक झालं, ते दार बंद! निवड होईलच असं मी म्हणत नाही, आणि वेळही लागेल. लागू दे. तोवर वही स्वच्छ लिहून काढ. संवाद आपल्या बोलीतच राहू देत, प्रमाण मराठीत ओढून आणू नकोस. शेवटी शब्दांचे अर्थ दिलेस म्हणजे पुण्याचा वाचकही अडणार नाही.

आणि थांबायचं म्हणजे गप्प बसायचं नाही. जोतीराव फुल्यांकडे बघ. फुलांच्या धंद्यावरून ज्या घराचं आडनाव पडलं त्या घरातला माणूस, म्हणजे धंद्याने तुझाच भाऊबंद. त्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यांच्याच चळवळीतल्या 'दीनबंधू' पत्राने त्यातली पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं नाकारलं. अख्खं पुस्तक त्यांच्या हयातीत निघालंच नाही. आज शेतकऱ्याबद्दल बोलताना पहिलं नाव ज्या पुस्तकाचं येतं, त्याची ही गत! पण ते छापखान्यावर रुसून बसले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्यातले भाग लोकांना वाचून दाखवले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. छापण्याआधीच पुस्तक माणसांत गेलं होतं.

तुलाही तेच सांगतेय. आगाशीच्या वाचनालयात, चर्चच्या हॉलमध्ये, बचत गटाच्या बैठकीत, जिथे वीस माणसं बसतील तिथे एकेक प्रकरण वाच. विहिरीचं आधी वाच. आपल्याकडे वाडी विकून इमारतीत राहायला गेलेली घरं कितीतरी आहेत, त्यांना ते सगळं आठवतंय आणि सांगणारं कुणी नाही. तुझं गिऱ्हाईक तिथे बसलंय. जाताना वहीत नावं लिहून घे, प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे घे, पावती दे. मंडळाचा निकाल लागला आणि शंभर नावं झाली, की दीडशे प्रती छाप. आता मागणीप्रमाणे थोड्या प्रतीही छापून मिळतात. प्रत जरा महाग पडते, पण घरात गठ्ठे पडून पावसाळ्यात ओल धरत नाहीत. आपल्या खारट हवेत कागदाचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

एखाद-दुसरं प्रकरण मासिकालाही धाड. फादर फ्रान्सिस दिब्रिटो कित्येक वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवत होते. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, ते नंदाखालचे आपले फादर. हरित वसईसाठी रस्त्यावर उतरणारा माणूस आणि मासिकाचा संपादक एकच होता, म्हणून वाडी आणि लिखाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं वसईत तरी कुणी म्हणू नये. दिवाळी अंकाला पाठवायचं तर उन्हाळा संपायच्या आत पाठव, श्रावणात पाठवलेलं तसंच पडून राहतं.

वाचनालयांना विसरू नकोस. शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं, त्यातून ग्रंथखरेदी होते, आणि मार्चच्या आधी त्यांची खरेदीची लगबग असते. नुसती प्रत घेऊन गेलीस तर 'ठेवून जा' म्हणतील. छापील बिलबुक घेऊन जा, सवलत आधीच ठरवून जा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल मिळालं तर पुस्तकाशेजारी सुकेळीची पाकिटंही ठेव. लाजतेस काय? सुकेळीसाठी थांबलेलं माणूस पुस्तक उलटून बघतंच.

बाहेरगावची मागणी टपालाने पाठव. जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंद झालं आणि लहान प्रकाशकांची पंचाईत झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. तुझं पुस्तक पहिल्याच टप्प्यात बसावं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिरात नको, एवढं छापण्याआधीच बघून घे. म्हणजे मागच्या पानावर खतवाल्याची जाहिरात घेऊन खर्च काढायचा तुझा बेत रद्द.

राहिला प्रकाशन सोहळा. हॉल, शाली, श्रीफळं, पाहुण्यांची गाडी, आणि शेवटी पुस्तक घेणारे मोजके. वाडीतच कर, केळीखाली सतरंज्या टाकून. पंपाच्या दुरुस्तीला ठेवलेल्या पैशांना मात्र हात लावायचा नाही, पुस्तकाची वही वेगळी, वाडीची वेगळी. आणि फुकट द्यायच्या प्रती आधीच ठरव. सासूबाईंना एक, ज्यांनी जुन्या गोष्टी सांगितल्या त्या म्हाताऱ्यांना एकेक. बाकी नातेवाईक 'घरचंच पुस्तक, पैसे कसले' म्हणतील, तेव्हा गोड हसून पावतीपुस्तक काढायचं. माझ्या नावावर दोन लिहून ठेव, पुऱ्या किमतीत. सवलत मागितली तर तू देशील, म्हणून मी मागत नाही.