टाचदुखी आणि ‘शॉकवेव्ह’चे यंत्र

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले लंगडत चालल्यावर पाय मोकळा होतो आणि दुपारी थोडे बसून उठले की पुन्हा तोच प्रकार. हे वर्णन वाचून ‘हे तर माझेच’ असे म्हणणारे वाचक कमी नसतील.

माझा दवाखाना मुंबईत, अंधेरीजवळ मरोळला आहे. औद्योगिक वसाहत आणि सीप्झ जवळच असल्यामुळे उभ्याने काम करणाऱ्यांची वस्ती येथे मोठी. वॉचमन, पॅकिंगच्या बायका, वेटर, घरोघरी पोळ्या करणाऱ्या बाया; त्यांतले पुष्कळजण आपल्याच जिल्ह्यातून पोटासाठी आलेले. टाचदुखीचा रुग्ण आला नाही असा आठवडा माझ्याकडे जात नाही. अलीकडे मात्र यांतले बरेच रुग्ण दुखणे सांगण्याआधी एक प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, ते शॉकवेव्हचे मशीन घेऊ का?’

मागे एक वॉचमन आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, बारा तासांची ड्युटी, तीही सिमेंटच्या फरशीवर उभ्याने. टाच दुखू लागून जेमतेम दीड महिना झालेला. कुणीतरी एक्स-रे काढून ‘टाचेचे हाड वाढले आहे, मशीनने फोडावे लागेल’ असे सांगितले आणि पाच वेळच्या उपचाराचे पैसे आगाऊ घेतले. दोनदा जाऊन आले, फरक नाही. गृहस्थांनी पैसे व्याजाने काढले होते. आज हा विषय घेण्याचे कारण तेच.

आधी त्या ‘वाढलेल्या हाडा’विषयी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच तोलून धरतो. वजन वाढले, उभे राहणे वाढले, चप्पल झिजून पातळ झाली किंवा पोटरीचे स्नायू आखडले, की टाचेपाशी या पट्ट्यावर रोज थोडा जास्त ताण पडतो. तेथले तंतू झिजतात आणि नीट सांधले जात नाहीत. दुखते ते तिथे. एक्स-रेमध्ये दिसणारा हाडाचा काटा ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्याही पायात सापडतो, आणि टाचदुखी पूर्ण बरी झाल्यावरही तो जागच्या जागी असतो. तेव्हा तो फोडण्याचा प्रश्नच नाही, आणि हे यंत्र तो फोडतही नाही.

हा गैरसमज का झाला तेही समजण्यासारखे आहे. या लहरींची ओळख आपल्याला मुतखड्यामुळे झाली. जर्मनीतील डॉर्नियर ही विमाने बनविणारी कंपनी. अतिवेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला तर धातूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास तिथे चालू असताना या आघाताच्या लहरींचा विचार पुढे आला आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे शरीर न कापता पहिल्या रुग्णाचा मुतखडा फोडण्यात आला. पुढे त्याच जातीच्या, पण कमी जोराच्या लहरी हाडांच्या व स्नायूबंधांच्या दुखण्यावर वापरून पाहिल्या गेल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी अशा यंत्राला २००० साली मान्यता दिली. येथे फोडायचे काहीच नसते. रेंगाळलेल्या जुन्या दुखापतीला ठोके देऊन शरीराची दुरुस्तीची यंत्रणा पुन्हा जागी करायची आणि वेदना नेणाऱ्या तंतूंना बोथट करायचे, असा त्यामागचा विचार आहे.

‘शॉक’ या शब्दाने घाबरू नये. विजेचा झटका नसतो. टाचेवर जेल लावून पिस्तुलासारखे एक उपकरण टेकवतात आणि टक-टक-टक असे साधारण दोन हजार ठोके देतात. काही मिनिटांचे काम. दुखते, पण सोसवते. बहुधा आठवड्याने एकदा, असे तीन वेळा करतात. फिजिओथेरपीच्या केंद्रांत बहुधा दाबलेल्या हवेवर चालणारे यंत्र असते, त्याचा जोर वरवरच्या भागात अधिक. दुसऱ्या प्रकारात लहरी खोलवर एका जागी एकवटतात.

आता मुख्य प्रश्न, गुण येतो का? ऑस्ट्रेलियात २००२ साली आणि जर्मनीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत खरे यंत्र व नुसते खोटे टेकवलेले यंत्र यांत फरक आढळला नाही. २००८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, जुन्या टाचदुखीच्या रुग्णांपैकी खऱ्या यंत्राने शंभरात ६१ जणांना बारा आठवड्यांनी चांगला गुण आला; खोट्या यंत्राने ४२ जणांना. हे दोन्ही आकडे वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. यंत्र निरुपयोगी नाही, पण जे बरे झाले त्यांतले बरेचसे यंत्राशिवायही झाले असते. टाचदुखीचे दहापैकी आठ-नऊ रुग्ण साध्या उपायांनी वर्षभरात बरे होतातच.

म्हणून माझा क्रम असा. पहिले तीन ते सहा महिने व्यायाम आणि पादत्राणे. सकाळी पाऊल टेकण्यापूर्वी, पलंगावरच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने बोटे आपल्याकडे ओढून तळव्याची दोरी ताणली गेल्याचे अंगठ्याने चाचपावे, दहापर्यंत मोजावे आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ व टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. वेदना थोडी उतरली की जिन्याच्या पायरीवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश वर उचलावी, क्षणभर थांबावे, सावकाश खाली न्यावी. हा व्यायाम एक दिवसाआड. फरशीवर अनवाणी वावरू नये. आपल्याकडे घरात चप्पल घालणे पुष्कळांना रुचत नाही, विशेषतः स्वयंपाकघरात. पण त्यासाठी मऊ तळाची एक वेगळी जोडी ठेवता येते. देवासमोर ती काढावी, ओट्यापाशी काढू नये. टाचेत इंजेक्शन घेण्याची घाई करू नये. त्याने काही आठवडे फार बरे वाटते, पण वारंवार घेतल्यास तो पट्टाच तुटण्याचा धोका असतो.

एवढे इमानाने करूनही सहा महिन्यांनंतर टाच दुखतच असेल, तर शॉकवेव्ह जरूर घ्यावी. व्यायाम मात्र बंद करू नये. माझ्याच एका रुग्ण बाईंनी, ज्या चार घरच्या पोळ्या करतात, अकरा महिन्यांच्या दुखण्यानंतर ती तीनदा घेतली. लगेच फरक नव्हता. दोन-अडीच महिन्यांनी त्या लंगडण्याचे विसरल्या. गर्भवती स्त्रियांनी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, पायात जंतुसंसर्ग किंवा गाठ असणाऱ्यांनी ती घेऊ नये. टाचेत नुकतेच इंजेक्शन घेतले असेल तर काही आठवडे थांबावे.

टाचेच्या मागच्या जाड शिरेच्या, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या बंधाच्या दुखण्यात या लहरींचा आधार थोडा अधिक भक्कम वाटतो. २००९ सालच्या एका अभ्यासात नुसता व्यायाम केलेल्यांपैकी ५६ टक्के व व्यायामासोबत लहरी घेतलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण चार महिन्यांत बरे झाले. तेथेही व्यायाम दोघांनाही होताच.

नडगीचे दुखणे वेगळे. मरोळला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, आणि गावोगावी भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले आपण पाहतोच. महिन्याभरात धावणे एकदम वाढवले की नडगीच्या आतल्या कडेला लांबवर ठणका लागतो. तो विश्रांतीने जातो. पण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे हाड दुखत असेल, तर त्याला बारीक चीर गेलेली असू शकते आणि पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसतही नाही. अशा मुलाला यंत्राखाली न नेता धावणे बंद करायला लावावे, भरती तोंडावर असली तरी.

पाय दुखतो म्हणजे टाचच बिघडली असेही नाही. मधुमेहात तळवे जळतात, ते मज्जातंतूंमुळे. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर वाताची तपासणी हवी. एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि ती चोळू नये.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा वडिलांना घेऊन आला. सत्तरीचे गृहस्थ, पन्नास वर्षे बीडी. शंभर पावले चालले की पोटरी वळते, थांबले की लगेच थांबते. शॉकवेव्हसाठी नाव घालून आले होते. मी फक्त ‘हो’ म्हणावे एवढीच अपेक्षा. पाय थंड होता आणि पावलावरची नाडी हाताला लागेना. रक्तवाहिनी चोंदलेली होती. मी त्यांना रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवले आणि बीडी त्याच दिवशी बंद करायला लावली. आगाऊ भरलेले पैसे मुलाने दुसऱ्या दिवशी जाऊन परत आणले.