प्रकाशकणाचा मार्ग आणि व्यतिकरणाचे पट्टे

तळ्याच्या शांत पाण्यात थोड्या अंतरावर एकाच वेळी दोन खडे टाकले, तर दोन्ही ठिकाणांहून निघालेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. जेथे एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो, तेथे पाणी अधिक उसळते. जेथे उंचवटा आणि खळगा एकत्र येतात, तेथे पाणी जवळजवळ स्थिर राहते. तरंगांच्या या परस्परपरिणामास व्यतिकरण असे म्हणतात.

प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते, हे इंग्लंडमधील टॉमस यंग यांनी दाखविले. २४ नोव्हेंबर १८०३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी एक साधा प्रयोग वर्णिला आहे. बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत सूर्यकिरण घेऊन त्याच्या मार्गात त्यांनी सुमारे १/३० इंच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरली. तिच्या छायेत उजळ व काळे पट्टे उमटले. मग पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडविताच छायेतील हे पट्टे नाहीसे झाले. दुसऱ्या बाजूचा प्रकाश मात्र पूर्वीसारखाच येत होता. अर्थात, पट्टे निर्माण होण्यास दोन्ही बाजूंच्या प्रकाशाचा मिलाफ आवश्यक होता. प्रकाश तरंगरूप आहे, या मताला या प्रयोगाने मोठे बळ दिले.

एकेक कण आणि पट्टे

१९०५ साली आल्बर्ट आइनस्टाइन यांनी असे प्रतिपादिले की, प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांच्या रूपाने दिली-घेतली जाते. या पुंजांना पुढे फोटॉन किंवा प्रकाशकण हे नाव मिळाले. एक मिलिवॉट शक्तीच्या तांबड्या लेसर किरणातून दर सेकंदास सुमारे ३० लाख अब्ज प्रकाशकण बाहेर पडतात. तेव्हा पट्टे हे या कणांच्या गर्दीचे फळ असेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक होते. केंब्रिज येथे जी. आय. टेलर यांनी १९०९ साली काजळी धरलेल्या काचांमधून प्रकाश अत्यंत मंद करून सुईच्या छायेचे छायाचित्र घेतले. एका छायाचित्रास सुमारे तीन महिने लागले; तरीही पट्टे तितकेच स्पष्ट उमटले.

मंद प्रकाशातही अधूनमधून दोन कण जोडीने येऊ शकतात. ही उणीव फ्रान्समधील ओर्से येथे फिलिप ग्रँजिए, जेरार रोजे आणि आलँ आस्पे यांनी १९८६ साली दूर केली. कॅल्शियमच्या अणूंपासून त्यांनी खरोखर एकेकटे प्रकाशकण मिळविले. अर्धपारदर्शक आरशावर असा कण पाठवून दोन्ही वाटांवर शोधकयंत्रे ठेवली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच यंत्रात नोंद झाली. कण दुभंगला नाही. शोधकयंत्रे तेथून काढून दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणताच मात्र व्यतिकरण दिसून आले. एकेका कणाची नोंद एकाच ठिकाणी होते, आणि अशा असंख्य नोंदी साचल्या म्हणजे त्यांतून पट्ट्यांची रचना आकारास येते.

मापन म्हणजे केवळ धक्का काय?

आता प्रश्न असा उद्भवतो, की कण कोणत्या वाटेने गेला हेही पाहता येईल आणि पट्टेही टिकतील, अशी योजना शक्य आहे काय? १९२७ साली ब्रुसेल्स येथील परिषदेत आइनस्टाइन आणि नील्स बोर यांच्यात या प्रश्नावर वाद झाला. फटीची पट्टी मोकळी ठेवली तर कणाच्या आघाताने ती किंचित मागे सरेल आणि त्यावरून त्याची वाट कळेल, असा आइनस्टाइन यांचा युक्तिवाद होता. इतका सूक्ष्म धक्का मोजता येईल अशा पट्टीचे स्थान निश्चित राहू शकत नाही आणि त्या अनिश्चिततेमुळे पट्टे पुसले जातात, असे उत्तर बोर यांनी दिले.

यावरून मापनाच्या धक्क्यामुळेच पट्टे नाहीसे होतात, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. तो अपुरा आहे. पुढील प्रयोगात तसा धक्का कोठेच नाही.

प्रकाशतरंगाचे कंपन विशिष्ट दिशेत मर्यादित असणे यास ध्रुवण म्हणतात. पोलरॉइड ही पारदर्शक पट्टी आपल्या अक्षाच्या दिशेतील कंपनासच वाट देते. समजा, लेसर किरणाच्या मार्गात एक बारीक तार ताणून बसविली आहे. तारेच्या दोन्ही बाजूंनी वळून आलेल्या प्रकाशाचे पट्टे समोरच्या पडद्यावर दिसतात. आता तारेच्या आधी ४५ अंशांत कललेल्या अक्षाचे एक पोलरॉइड ठेवावे. तारेच्या लगेच मागे आणखी दोन तुकडे कडेला कड भिडवून लावावेत. डाव्याचा अक्ष उभा, उजव्याचा आडवा. असे करताच तारेच्या छायेतील पट्टे लोपतात. वाट बदललेली नाही, कोणी कणाला ढकललेले नाही. प्रत्येक वाटेवर केवळ निरनिराळी खूण उमटली आहे. (हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. लेसर किरण डोळ्यांत कदापि जाऊ देऊ नये.)

येथे कोणतीही संख्या वाचलेली नाही आणि ध्रुवण कोणी तपासलेलेही नाही. खूण उपलब्ध आहे, एवढेच पुरेसे ठरते. मापनाचा भौतिक अर्थ हाच होय: कणाच्या वाटेची नोंद दुसऱ्या एखाद्या गुणधर्मात किंवा वस्तूत उतरणे. पाहणाऱ्याच्या मनाचा येथे संबंध येत नाही. व्हिएन्ना येथे २००४ साली कार्बनच्या ७० अणूंच्या रेणूंचे व्यतिकरण अभ्यासण्यात आले. रेणू अधिकाधिक तापविले असता त्यांतून बाहेर पडणाऱ्या उष्णताकिरणांतच त्यांच्या स्थानाची खूण जाऊ लागली आणि पट्टे क्षीण होत गेले. तो प्रकाश कोणी पाहत नव्हते.

थोडी खूण, थोडे पट्टे

खूण अर्धवटही असू शकते. दोन तुकड्यांच्या अक्षांत ९० अंशांऐवजी लहान कोन ठेवला, तर पट्टे फिके होतात, पण पुरते जात नाहीत. पट्ट्यांची दृश्यता शून्य ते एक या मापाने मोजतात. दोन्ही वाटांनी येणारा प्रकाश सारखा असेल, तर कोन ० अंश असता दृश्यता १ असते. ६० अंशांस ती ०.५ होते आणि ९० अंशांस शून्यावर येते. बर्टहोल्ड-गेओर्ग एंगलेर्ट यांनी १९९६ साली याचा सर्वसाधारण नियम मांडला: वाट ओळखण्याच्या क्षमतेचा वर्ग आणि दृश्यतेचा वर्ग यांची बेरीज १ पेक्षा अधिक होऊ शकत नाही. वाट ०.६ इतकी ओळखता येत असेल, तर दृश्यता फार तर ०.८ राहील.

खूण पुसली तर?

वरील प्रयोगात पडद्याच्या अलीकडे ४५ अंशांचे आणखी एक पोलरॉइड धरावे. त्यातून बाहेर पडलेल्या प्रकाशात उभे-आडवे हा भेद उरत नाही आणि पट्टे पुन्हा प्रकट होतात. तेच पोलरॉइड विरुद्ध बाजूस ४५ अंशांत कलविले, तरीही पट्टे दिसतात. परंतु पूर्वी जेथे उजळ पट्टा होता तेथे आता काळा येतो. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवली, तर पट्टे नसलेला तोच सपाट उजेड मिळतो. म्हणजे या पोलरॉइडने झालेली गोष्ट मागे जाऊन बदलली, असे नव्हे. सपाट उजेडात मिसळून गेलेले दोन परस्परपूरक समूह त्याने वेगळे केले.

मापनाची खूण मागे राहते, या तत्त्वाचा व्यवहारातही उपयोग झाला आहे. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी गुप्त संदेशाची किल्ली एकेकट्या प्रकाशकणांच्या ध्रुवणातून पाठविण्याची पद्धती सुचविली; त्यांचा हा निबंध डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. कण कधी उभ्या-आडव्या, तर कधी तिरप्या अक्षांत पाठविले जातात. वाटेत प्रत्येक कण चोरून मोजणाऱ्यास योग्य अक्ष ठाऊक नसतो. त्यामुळे पाठविणारा आणि घेणारा यांनी समान अक्षांच्या नोंदी पडताळून पाहिल्या असता सरासरी चौथा हिस्सा चुकीचा निघतो व चोरी उघडकीस येते. यंगच्या पुठ्ठ्याच्या पट्टीमागे दिसलेले पट्टे ज्या नियमाने टिकतात किंवा लोपतात, त्याच नियमांच्या आधारे आज संदेशांची राखण करता येते.

स्वाध्याय: दोन पोलरॉइड तुकड्यांचे अक्ष परस्परांशी ३७ अंशांचा कोन करीत असतील, तर पट्ट्यांची दृश्यता सुमारे किती असेल? वाट ओळखण्याची क्षमता अधिकाधिक किती असू शकेल?