एकवीस दिवसांची सुई

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ह्या मुंबईच्या उपनगरांत राहतात. तेथें कित्येक घरीं एका खोलींत पांच-सहा माणसें निजतात, आणि एकाचा घसा धरला तर दुसऱ्याचा धरावयास वेळ लागत नाहीं. अशा दाटींत लेंकरांस गांठणारा एक रोग व त्यावरील पेनिसिलिनची सुई ह्यांविषयीं आज आम्ही चार गोष्टी सांगूं इच्छितों.

पहिली गोष्ट, हा रोग कसा होतो. बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा एका जातीच्या जंतूंमुळें सुजतो. घसा बरा होतो व आईबाप तें विसरूनही जातात. परंतु दोन-तीन आठवड्यांनीं कांहीं मुलांस ताप येतो, आणि आज गुडघा तर उद्यां घोटा असे सांधे सुजतात. ह्यास डॉक्टर रुमॅटिक ताप म्हणतात. सांध्यांची सूज उतरते. पण हृदयाच्या झडपांस झालेली इजा मागें राहूं शकते. ताप फिरून आला म्हणजे ती वाढते. मग ऐन तारुण्यांत जिना चढतांना धाप लागते, व मुलीस बाळंतपण धोक्याचें होतें. हा ताप फिरून येऊं नये म्हणूनच बेंझाथिन पेनिसिलिनची सुई देतात.

दुसरी गोष्ट, ती वेळेवर कां घ्यावी. हें औषध मांसांत सांठून राहतें व हळूहळू रक्तांत उतरतें. तीन आठवडे होत आले कीं तो सांठा सरत येतो. म्हणून आपल्या देशांत बहुधा दर २१ दिवसांनीं सुई देतात. मूल हसतें खेळतें आहे, मग सुई कशाला, असें म्हणणें हें ऊन पडलेलें पाहून घर शाकारावयाचें सोडण्यासारखें आहे.

पेनिसिलिन अगदीं आरंभीं ज्यांस दिलें त्यांत इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथें एक पोलीस होता. १९४१ सालीं मरणास टेकलेला तो मनुष्य औषधानें सुधारूं लागला; परंतु पांच दिवसांनीं औषधच संपलें, रोग उलटला व तो दगावला. पुढें आपल्या पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, व १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. त्या पोलिसाचें औषध नाइलाजानें तुटलें. आपल्या लेंकराचें हयगयीनें तुटूं नये. मे महिन्यांत किंवा नाताळांत मूल गांवीं येतें आणि सुईचा दिवस चुकतो. म्हणून निघण्यापूर्वीं तारीख पाहावी, दवाखान्याचें कार्ड बरोबर घ्यावें, व गांवाजवळच्या सरकारी दवाखान्यांत आधींच चौकशी करावी. दिवस चुकलाच तर होईल तितक्या लवकर सुई घ्यावी.

तिसरी गोष्ट, काय जपावें. पूर्वीं पेनिसिलिन, किंवा त्याच कुळांतील ॲमॉक्सिसिलिन, घेऊन अंगावर गांधी उठल्या असतील, सूज आली असेल किंवा दम लागला असेल, तर तें प्रथम सांगावें. उपाशी पोटीं जाऊं नये. सुई निजून घ्यावी, म्हणजे घेरी येऊन पडण्याचें भय राहत नाहीं. ही सुई मांसांतच खोल द्यावयाची असते. शिरेंत गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून ती घरीं टोचून घेऊं नये. जेथें डॉक्टर आहे, नवी सिरिंज आहे व ॲड्रेनॅलिन हाताशीं आहे, तेथेंच घ्यावी. आधीं थोडें औषध टोचून पाहतात, त्यांत कांहीं दिसलें नाहीं म्हणून निर्धास्त होऊं नये. सुईनंतर अर्धा तास तेथेंच बसावें. अंगास खाज, ओठांस सूज, छातींत दाटणें किंवा श्वास अडणें ह्यांपैकीं कांहीं झाल्यास तत्काळ हांक मारावी. वाटेंत झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्याचें हृदय फार दुर्बळ झालें आहे त्यास सुईऐवजीं गोळ्या बऱ्या कीं काय, हें डॉक्टरांस विचारावें. असा भयंकर प्रकार क्वचितच होतो. त्याच्या भीतीनें सुई सोडणें हें बहुतेकांस अधिक घातक आहे.

चौथी गोष्ट, किती दिवस घ्यावी. हृदयास इजा नसली तरी निदान ५ वर्षें. इजा असल्यास पुष्कळ अधिक, व कित्येकांस जन्मभर. ती थांबवावयाची केव्हां, हें डॉक्टरांनींच ठरवावें. घाटकोपरचें राजावाडी, जुहूचें कूपर अशीं महानगरपालिकेचीं रुग्णालयें उपनगरांत आहेत. तेथें जाऊन विचारण्यास संकोच करूं नये.

शिक्षकबंधूंस आमची विनंती आहे कीं, आपल्या गांवच्या ज्या मुलांस ही सुई चालू आहे त्यांचीं नांवें व पुढील तारखा त्यांच्या आईबापांच्या संमतीनें एका वहींत लिहून ठेवाव्या, आणि दोन दिवस आधीं त्यांच्या घरीं आठवण द्यावी.

धड्यावरील प्रश्न : १. सांधे बरे झाले तरी सुई कां चालू ठेवावी? २. सुईनंतर अर्धा तास कां बसावें? ३. तुमच्या वस्तींत सुईचा दिवस कोणाचा चुकला आहे?