गृहवाटिकेतील गडद रंगाची फुले

झेंडू व शेवंती बहुतेक अंगणांत आढळतात. काळसर जांभळी, गर्द निळी वा किरमिजी फुले मात्र विरळा. म्हणूनच त्यांची हौस अनेकांस असते. ही हौस पुरविताना योग्य झाडाची निवड महत्त्वाची होय.

रंगाचे कारण : पूर्ण काळे असे फूल नसते. पाकळ्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य दाट साठले म्हणजे फूल काळसर भासते. थंडीत हे द्रव्य अधिक तयार होते, कडक उष्म्यात कमी. गडद पाकळी ऊनही अधिक शोषते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे हिवाळ्यात काळसर दिसणारा तांबडा गुलाब उन्हाळ्यात फिकटतो व त्याच्या कडा करपतात. अशी झाडे सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा पूर्वेकडील बाजूस लावावीत.

निवड : नवशिक्यांनी निळ्या गोकर्णापासून प्रारंभ करावा. हा वेल काटक असून शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींद्वारे हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतो. बियांचे कवच कठीण असते. म्हणून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. पावसाळ्याच्या आरंभी कुंपणालगत ३० सें. मी. अंतरावर, २ सें. मी. खोल टोकाव्यात. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. यास्तव १५ सें. मी. उंच वाफा करून त्यात शेणखत व वाळू मिसळावी. शेंगा तडकण्यापूर्वी बी काढून पुढील वर्षासाठी राखावे.

सावधगिरी : जांभळ्या फुलांचा काळा धोत्रा दिसावयास आकर्षक असून तो महादेवास वाहिला जातो. परंतु त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी असतात. लहान मुले खेळताना त्या तोंडात घालतात. मुलाचे तोंड कोरडे पडणे, बुबुळे विस्फारणे, असंबद्ध बडबड ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व झाडाची फांदी सोबत घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी गृहभेटीच्या वेळी अंगणातील धोत्रा दाखवून द्यावा, तो फळे धरण्यापूर्वी उपटण्यास सांगावे व त्या जागी लावण्यास गोकर्णाचे मूठभर बी द्यावे. अंगणाची शोभा राहील आणि मुलेही सुरक्षित राहतील.