पाणी धरणारा पदार्थ व त्याची शेतांतील पारख

पदार्थसंशोधनांतील प्रगतीचा विचार करण्यासाठीं शास्त्रज्ञांच्या परिषदा प्रतिवर्षीं भरत असतात. अमेरिकेंतील मटेरियल्स रिसर्च सोसायटी १९७३ सालीं व मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९८९ सालीं स्थापन झाली. येत्या परिषदेची वार्ता वृत्तपत्रांतून येईल व तिच्या पाठोपाठ नव्या पदार्थाचा विक्रेताही दारीं येईल. त्या दोघांचें म्हणणें कसें पारखावें, हें एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें उदाहरण म्हणजे बाजारांत हायड्रोजेल या नांवानें मिळणारा जलशोषक पदार्थ.

पदार्थाची घडण

अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मक्याच्या स्टार्चापासून असा पदार्थ तयार झाला. आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें सेल्युलोजच्या आधारावर ‘पुसा हायड्रोजेल’ बनविलें.

या पदार्थांत रेणूंच्या लांब साखळ्या असून त्या जागोजाग एकमेकींस बांधलेल्या असतात. साखळ्यांवर ऋण विद्युद्भार असतो. म्हणून पाणी मिळतांच त्या एकमेकींस दूर ढकलतात व मधल्या पोकळींत पाणी शिरतें. गांठी असल्यामुळें पदार्थ विरघळत नाहीं, केवळ फुगतो. भोंवतालची माती सुकूं लागली म्हणजे तो पाणी सोडतो, व पुन्हां पाणी मिळाल्यास पुन्हां फुगतो.

साधा हिशेब

पुसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या ३५० पट शुद्ध पाणी धरतें, असें सांगतात. हेक्टरीं शिफारस अडीच ते पांच किलोची आहे. पांच किलोंत, फार तर, १,७५० लिटर पाणी मावेल. आतां एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होतें. अर्थात् पांच किलो पदार्थ एका वेळीं पाव मिलिमीटर पावसाइतकेंही पाणी सांठवीत नाहीं. ३५० हा आंकडा खोटा नव्हे. परंतु तो पदार्थाचा आहे, शेताचा नव्हे.

पाण्याचा दोष

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वरील आंकडा शुद्ध पाण्याचा आहे. पाण्यांत क्षार असले कीं पदार्थाचें फुगणें कमी होतें. त्यांतही कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे कण शेजारच्या साखळ्यांस जखडून टाकतात. ज्यांच्या विहिरीचें पाणी मचूळ अथवा जड आहे, त्यांनीं पाकिटावरील आंकड्यावर विसंबूं नये.

उपयोग कोठें?

मग हा पदार्थ निरुपयोगी काय? तसेंही नाहीं. तो शेतभर फेंकण्यापेक्षां बियाण्याच्या सरींत मुळांजवळ द्यावा. रोपवाटिकेंत, रोपांच्या लागणीच्या वेळीं, तसेंच ओल लवकर उडून जाणाऱ्या हलक्या जमिनींत उगवणीचे चार दिवस त्यानें तरून जाण्याचा संभव असतो. भारी काळी जमीन स्वभावतःच ओल धरते; तेथें खर्च भरून निघेल किंवा नाहीं, याचा आधीं विचार करावा. शेणखताची जागा तर हा पदार्थ घेऊं शकत नाहीं, कारण त्यापासून पिकास अन्न मिळत नाहीं.

घरीं करावयाचा प्रयोग

दोन भांड्यांत एकेक लिटर पाणी घ्यावें, एकांत पावसाचें व दुसऱ्यांत आपल्या विहिरीचें. प्रत्येकांत एक ग्रॅम पदार्थ टाकून चार तास ठेवावा. नंतर फडक्यांतून गाळून, पाणी नीट निथळूं देऊन, फुगलेल्या पदार्थाचें वजन करावें. दोन वजनांतील अंतर म्हणजे आपल्या पाण्याचा दोष होय. त्यानंतर शेतांत दोन सारख्या पट्ट्या घेऊन एकींत पदार्थ घालावा, दुसरींत घालूं नये. बीं, खत व पाणी सारखेंच ठेवावें. उगवण, उत्पन्न व खर्च तिन्ही लिहून ठेवावे.

परिषदेंतील शोध प्रयोगशाळेंतील पाण्यावर व मापावर सिद्ध झालेला असतो. आपल्या जमिनींत तो उतरतो कीं नाहीं, हें ठरविणें मात्र आपल्याच हातीं आहे. वाचकांनीं आपापल्या विहिरीच्या पाण्याचा अनुभव वजनासह कळविल्यास तो आम्ही आनंदानें प्रसिद्ध करूं.