आवाज फुटलेल्या मुलाला कसे शिकवावे?

प्रश्न : आमचे घर तंजावरी मराठी. मी घरी मुलांना कर्नाटक संगीत शिकवते. तेरा वर्षांच्या एकाचा आवाज फुटलाय. सूर लागत नाही, बाकीची हसतात. मुलांच्या कलाने घेतले तर शिस्त बिघडेल का?
— एक वाचक, पापनाशम (जि. तंजावर)

उत्तर : बिघडणार नाही. कलाने घेणे म्हणजे मोकाट सोडणे, हा गैरसमज आहे. तुम्ही शिकवता ते सुरुवातीचे स्वरपाठ, सरळी वरिसैच पाहा : मायामाळवगौळ राग, आदिताल, आधी संथ, मग दुप्पट लय. परंपरा ज्याचे श्रेय पुरंदरदासांना देते, तो हा क्रम शिकणाऱ्याची पायरी ओळखूनच रचलेला आहे. शिस्त त्यातच आहे, वेगळे ओरडावे लागत नाही. जुने गुरू कडक होते, असे कोणी म्हणेल. होतेही, पण श्रुती, म्हणजे आधाराचा षड्ज, गळ्याप्रमाणे ठरवायची, हे त्यांच्याच परंपरेतले. या वयात स्वरयंत्र वाढते म्हणून आवाज चिरकतो, त्यात मुलाचा काय दोष? त्याच्यापुरती श्रुतिपेटी खाली उतरवा, तारषड्जाचा हट्ट काही महिने सोडा. सगळे एका श्रुतीत गातील तेव्हा त्याला ताल धरू द्या. तुमच्या मराठी घराचाही उपयोग करा : तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातली साकी-दिंडी ही वृत्ते हरिकथेत रुजवली. घरात एखादी दिंडी येत असेल तर ती त्याच्या पट्टीत म्हणून घ्या. हसणाऱ्यांना मात्र तिथल्या तिथे थांबवा. त्याला जोर लावून गाऊ देऊ नका. घोगरेपणा दोन-तीन आठवडे सतत राहिला किंवा घसा दुखू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.