मातीचे धरण : धोक्याचा वर्ग आणि पावसाळ्यातील पाहणी



गावच्या तलावात पाणी किती साठले, हे आपण रोज पाहतो. त्याचा भराव कसा आहे, हे मात्र क्वचितच पाहतो. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली, माणसे दगावली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

धोक्याचा वर्ग म्हणजे काय ?

धरण मजबूत की कमकुवत, यावरून हा वर्ग ठरत नाही. ते फुटलेच तर खाली काय नुकसान होईल, यावरून ठरतो. ढोबळमानाने तीन वर्ग ध्यानात ठेवावेत.

कमी : खाली फक्त शेत किंवा पडीक जमीन.
मध्यम : जीवितहानीची शक्यता नाही; पण रस्ता, पूल, नळयोजनेची विहीर यांचे नुकसान.
जास्त : खाली वस्ती किंवा शाळा असून माणसे दगावण्याची शक्यता.

म्हणजे लहान तलावही जास्त धोक्याचा असू शकतो. ओढ्याकाठी नवी घरे झाली की भराव तोच राहूनही वर्ग वाढतो.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींनुसार १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. गावोगावचे अनेक लहान तलाव त्याबाहेर राहतात. तेथे आपली नजर महत्त्वाची.

काय पाहावे ?

पावसाळ्यापूर्वी व नंतर, तसेच प्रत्येक मोठ्या पावसानंतर भरावावरून फिरावे.

१) माथा कोठे खचला आहे का ? लांब तडे आहेत का ?
२) उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळे किंवा वारुळे आहेत का ?
३) भरावावर झाडे वाढली आहेत का ? रोपे लहान असतानाच काढावीत. मोठे झाड परस्पर तोडू नये. मुळे कुजून आत पोकळी होते.
४) सांडवा मोकळा आहे का ? जादा पाणी साठवण्यासाठी सांडव्यावर वाळूची पोती किंवा फळ्या कधीही लावू नयेत. पाणी माथ्यावरून वाहिले की मातीचा भराव टिकत नाही.
५) पायथ्याशी पाझर आहे का ? तो काचेच्या बाटलीत धरून पाहावा. पाणी स्वच्छ व पाझर कायम तेवढाच असेल, तर नोंद ठेवावी. पाझर वाढत असेल किंवा पाणी गढूळ असेल, तर आतील माती वाहून जात आहे असे समजावे.

गढूळ पाझर दिसल्यास

प्रथम खालच्या वस्तीला उंचावर हलवावे. त्याच वेळी तहसीलदार व संबंधित खात्याला कळवावे. पाझराचे तोंड चिकणमातीने किंवा प्लॅस्टिकने बंद करू नये. आत दाब वाढून पाणी दुसरीकडे फुटते. जाणकारांच्या देखरेखीखाली त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर द्यावेत. त्यातून पाणी निघते, माती मात्र अडते.

तलावाखाली किती घरे आहेत, याची यादी ग्रामपंचायतीत मे महिन्यातच तयार ठेवावी. रात्री पाणी आले, तर कोणाला आधी उठवायचे हे त्या यादीवरूनच कळेल.